वजन आटोक्यात का राहत नाही? पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास आहारातला कोणताही मोठा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

मनापासून ठरवूनही वजन उतरत नाही. माझाच निश्चय कमी पडतो का?

निश्चय थोडाफार कमी पडतही असेल, पण सगळे खापर त्याच्यावर फोडणे बरोबर नाही. माणसाचे शरीर अन्नाच्या तुटवड्यात घडलेले आहे. मिळेल तेव्हा पोटभर खावे, उरेल ते चरबीच्या रूपाने साठवावे आणि साठा घटू लागला की भूक वाढवून तो भरून काढावा, ही त्याची जुनी रीत आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडून मेंदूला साठ्याची खबर देतात, हे १९९४ साली उलगडले. जठरातून स्रवणारे आणि भूक चेतवणारे घ्रेलिन १९९९ साली सापडले. म्हणजे भूक ही मनाची लहर आहे असे मानून तिला दटावण्यात फारसा अर्थ नाही. तिच्यामागे जमाखर्च सांभाळणारा एक चोख कारभार चाललेला असतो, आणि हा कारभारी तुटीच्या बाबतीत जितका दक्ष, तितकाच शिलकीच्या बाबतीत ढिला आहे.

असे शरीर आता अशा शहरात राहते, जिथे रात्री साडेअकराला मोबाइलवर बोट टेकवले की बिर्याणी दारात येते आणि दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठीही लिफ्ट तयार असते. एका पोळीतून साधारण शंभर कॅलरी मिळतात आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज गरजेपेक्षा एकच पोळी जास्त गेली, तर कागदावरच्या हिशेबाने वर्षाला साडेचार किलोंहून अधिक भर पडते. प्रत्यक्षात वजनाबरोबर शरीराचा खर्चही वाढत जातो, त्यामुळे भर त्याहून कमी पडते. तरीही दरवर्षी किलो-दीड किलो वाढून चाळिशीत दहा-बारा किलो जास्त झालेली माणसे दिसतात, आणि त्यांपैकी कोणालाही एका दिवशी अति खाल्ल्याचे आठवत नाही, कारण तसे ते खाल्लेलेच नसते.

आमचे आजोबा साजूक तूप आणि गूळ खाऊन काटक राहिले. मग आम्हालाच हा त्रास का?

आजोबांचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळी खडकीच्या कारखान्यांकडे कामगार सायकली मारत जात आणि पेठेतला कारकूनही कचेरीत सायकलवरच पोहोचे. वाड्यात आजीचे हात पाट्या-वरवंट्यावर, धुण्यावर आणि पाणी भरण्यावर चालत. व्यायाम असा शब्द कोणी उच्चारत नव्हते, कारण तो दिवसातच मुरलेला होता. शिवाय तूप म्हणजे वरणभातावर धार, गोडधोड सणावारी, आणि दिवाळीच्या तळणासाठी रेशनवर मिळणाऱ्या पामतेलाची रांग लावावी लागे.

मात्र त्या काळाचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. अनेकांचा बांधा सडपातळ होता तो पोटाला पुरेसे मिळत नव्हते म्हणून. ती उपासमार परत यावी असे कोणीच म्हणणार नाही. अडचण इतकीच, की अन्नाची चणचण संपली त्याच दोन पिढ्यांत अंगमेहनतही संपली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २५ किंवा त्याहून अधिक बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले. इतक्या थोड्या वर्षांत लाखो स्त्रियांचा निश्चय एकदम ढासळला असे मानण्यापेक्षा त्यांच्या भोवतालचे जगणे बदलले असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

माझा बीएमआय २३ च्या आत आहे. तरी डॉक्टर पोट कमी करा म्हणतात, ते का?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातच शोधला गेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआय म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्या आकड्याला कळत नाही.

याचे मूळ जन्माआधीपर्यंत जाते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक यांच्या गटाने गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा असे आपण ज्याला गमतीने म्हणतो, त्याची सुरुवात अशी पाळण्यातच झालेली असते.

म्हणून भारतीयांसाठी मर्यादाही खाली आणल्या आहेत. २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी या मर्यादा साधारण साडेबासष्ट आणि अडुसष्ट किलोंवर येतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. हा घेर पँटच्या नंबरावरून ठरवू नये, कारण पोट सुटलेले पुरुष पँट पोटाखाली बांधतात आणि वीस वर्षे एकच नंबर असल्याचे अभिमानाने सांगतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून झाल्यावर टेप लावावी. पोट आत ओढू नये.

मी खरोखरच काही खात नाही. तरी वजन वाढते. हे कसे?

हे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. १९९२ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या काही जणांचा खरा आहार आणि खरा ऊर्जाखर्च मोजला. त्यांच्या चयापचयात दोष नव्हता; मात्र त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ निम्मा होता. स्मरणशक्ती ताट लक्षात ठेवते, बाकीचे विसरते.

विसरले जाणारे पदार्थ आपल्या घरात दोन आहेत: तेल आणि चहा. तेलाचा हिशेब मी सल्ल्याला आलेल्या प्रत्येक घराला करायला लावते. महिन्याला पाच लिटरचा डबा चार माणसांत संपत असेल, तर दर माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते आणि त्यातून जवळजवळ ३४५ कॅलरी मिळतात. बैठे काम करणाऱ्याला २० ते ३० ग्रॅम पुरते. हे तेल ताटात वेगळे दिसत नाही; ते भाजीच्या फोडणीत, पोळीच्या पदरांत आणि आमटीच्या तवंगात विरघळलेले असते. डबा आणल्याची तारीख त्याच्या झाकणावर लिहावी आणि फोडणीला तेल बाटलीतून थेट ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालावे. ही एक सवय लावल्यावर पाच लिटरचा डबा सव्वा महिना पुरू लागल्याचे अनेकींनी सांगितले आहे, आणि भाजीची चव बिघडल्याची तक्रार घरात कोणीच केली नाही.

चहाचे गणित त्याहून सोपे आहे. दोन चमचे साखरेचे सहा कप झाले, तर ५० ते ६० ग्रॅम साखर होते आणि दूध वगळूनही दोनशेहून अधिक कॅलरी भरतात. स्वतःचा हिशेब मांडला तेव्हा मीही चार कप धरले होते. आठवडाभर कपागणिक कागदावर रेघ मारल्यावर ते सहा निघाले. अमृततुल्यावर उभ्याने घेतलेला कटिंग घरच्या हिशेबात कधीच धरला जात नाही.

घरचे जेवण आणि पाकिटातले पदार्थ यांत कॅलरी सारख्याच असल्या, तर फरक काय पडतो?

फरक असा, की पाकिटातले पदार्थ माणूस नकळत जास्त खातो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. दोन्हींत कॅलरी, साखर, चरबी आणि तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. पाकीटबंद अन्न मऊ असते, भराभर गिळले जाते आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोहोचण्याआधी पाकीट संपते. ज्वारीची भाकरी चावायला जबडा लागतो, हाही तिचा एक गुणच समजावा. डायजेस्टिव्ह नावाची बिस्किटे पचनाचे औषध आहेत असे समजून चारच्या चहाबरोबर सहा-सहा खाणारे पुष्कळ आहेत. तीही मैदा, साखर आणि तेल यांचीच बिस्किटे असतात.

मी रोज तासभर टेकडीवर जातो. मग काटा हलत का नाही?

तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर जाणे मुळीच सोडू नये. रक्तदाब, साखर, सांधे, झोप आणि मनःस्थिती या सर्वांसाठी ते उत्तम आहे. पण केवळ वजनाच्या दृष्टीने त्याचा जमाखर्च पाहावा. सत्तर किलोंच्या माणसाला तासभर झपझप चालण्याने अडीचशे-तीनशे कॅलरी लागतात. एका वडापावात साधारण तेवढ्याच असतात. टेकडीवरून उतरून मित्रमंडळींसह तर्रीदार मिसळ, जादा पाव आणि वर एक मस्तानी घेतली, तर ती सकाळ वजनाच्या बाबतीत तोट्याचीच ठरते. सिंहगडावरची पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही यांनाही हाच नियम लागू आहे, मग गड पायथ्यापासून चढला असला तरी. (गाडीने वर जाऊन पिठलं-भाकरी खाणाऱ्यांबद्दल काय बोलावे.)

त्याहून मोठा प्रश्न उरलेल्या तेवीस तासांचा आहे. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या एका तरुणाच्या घड्याळातली नोंद आम्ही दोघांनी बसून पाहिली. घराच्या पार्किंगमधून मोटारीत, वाहतूक कोंडीत सव्वा तास, कंपनीच्या तळघरातून लिफ्टने सातव्या मजल्यावर, नऊ तास खुर्चीत आणि तसेच परत. व्यायामशाळेचा तास वगळता त्याच्या दिवसभरातल्या पावलांची संख्या अठराशे होती. उठबस, जिने, झाडलोट, बाजारहाट अशा बिनव्यायामाच्या हालचालींमुळे दोन माणसांच्या दिवसाच्या खर्चात शेकडो कॅलरींचा फरक पडू शकतो. माझ्या मते पुण्याच्या वाढत्या वजनात दुचाकीचा वाटा मोठा आहे, कारण गल्लीच्या टोकावरून कोथिंबीर आणायलाही आपण तिलाच किक मारतो. बसने किंवा मेट्रोने जाणाऱ्याला निदान स्थानकापर्यंत चालावे लागते.

झोपेचा आणि वजनाचा काय संबंध?

फार जवळचा आहे. शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली. हे २००४ सालचे निष्कर्ष आहेत. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या वेळा सांभाळण्यासाठी रात्री एकपर्यंत बैठका घेणाऱ्या आणि सकाळी सातला मुलांच्या स्कूल व्हॅनसाठी उठणाऱ्या आईवडिलांना दुपारी चार वाजता फरसाणाचा डबा खुणावतो, यात त्यांचा हावरटपणा कमी आणि बुडालेल्या झोपेची थकबाकी जास्त असते. अशा घरांत आहाराचा तक्ता देण्याआधी निजण्याची वेळ विचारावी लागते.

गेल्या वर्षी बारा किलो उतरवले. आता चौदा वाढले. माझे चयापचय बिघडले का?

बिघडले असे म्हणता येणार नाही. ते आपले जुने काम चोख करत आहे. वजन उतरले की शरीर त्याला दुष्काळ समजते. लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते हे तर झालेच, पण खर्च त्या अपेक्षेहूनही खाली जातो. दूरचित्रवाणीवरील वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी स्पर्धेतील चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील २०११ सालच्या अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्ष लोटले तरी भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांची पातळी पूर्वपदावर आलेली नव्हती.

लग्नाआधी दोन महिन्यांत दहा किलो उतरवून देण्याच्या जाहिराती त्यामुळेच मला पटत नाहीत. इतक्या झपाट्याने उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन परत येते तेव्हा बहुतांशी चरबीच्या रूपाने येते. आठवड्याला अर्धा किलो, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, ताक, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी, आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम, एवढे पाळले तर स्नायू टिकण्याची शक्यता वाढते. उतरलेले वजन राखण्याचे वर्ष हे उतरवण्याच्या महिन्यांपेक्षा अवघड असते, हे आधीच माहीत असलेले बरे.

उपवास केल्याने किंवा दोनदाच जेवल्याने वजन उतरते का?

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडला की खिचडीची बशी नेहमीच्या जेवणाला मागे टाकते. श्रद्धेसाठी उपवास करणाऱ्याने तो जरूर करावा, पण वजनाच्या खात्यावर तो मांडू नये.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोहोचवलेली दोनदाच जेवण्याची पद्धत अनेकांना मानवते, कारण तिच्यामुळे मधले चरणे आपोआप बंद होते. मात्र खाण्याचे तास आखून घेण्यात काही वेगळी जादू आहे असे दिसत नाही. चीनमध्ये वर्षभर चाललेल्या एका चाचणीत (२०२२) ठरावीक आठ तासांतच खाणाऱ्यांचे आणि दिवसभरात तेवढ्याच कॅलरी विभागून खाणाऱ्यांचे वजन जवळजवळ सारखेच उतरले. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण गाळणे धोक्याचे आहे.

घरच्यांचा आणि पाहुण्यांचा आग्रह कसा मोडावा?

आपल्याकडे नको म्हणणे हे आणखी वाढा असे ऐकले जाते. सासूबाईंनी वाढलेला तिसरा मोदक नाकारणे हा केवळ भुकेचा प्रश्न नसून नात्याचाही आहे, आणि आहारतज्ज्ञाचा कागद तिथे चालत नाही. पहिल्यांदाच अर्धे वाढून घ्यावे आणि दुसऱ्यांदा मनापासून मागून घ्यावे, यासारखा उपाय मला अजून सापडलेला नाही. वाढणारीचे समाधान होते आणि एकूण बेरीज एकाच वाढण्याची राहते. सणाच्या दिवशी खाल्ल्याने कोणाचे वजन बिघडत नाही. दिवाळीचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत टीपॉयवर उघडे राहतात, तिथे बिघडते.

थायरॉइडमुळे वजन वाढते ना? आणि ती नवी इंजेक्शने घ्यावीत का?

थायरॉइड मंदावल्याने वजन वाढते, पण ते बहुधा दोन ते पाच किलोंपर्यंत, आणि त्यातही पाण्याचा भाग मोठा असतो. वीस किलोंचा दोष त्या ग्रंथीवर टाकता येत नाही. पीसीओएस (स्त्रियांतील बीजाशय व संप्रेरकांचा विकार), रजोनिवृत्ती, स्टिरॉइडे आणि मानसिक आजारांवरची काही औषधे यांचाही वाटा असू शकतो. औषध मात्र परस्पर बंद करू नये.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने भूक खरोखरच कमी करतात. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. गरज असलेल्या रुग्णाला ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोठा आधार देतात. व्यायामशाळेतल्या ओळखीने मिळवून टोचून घेण्याची ती वस्तू नव्हे.

वजन किती वेळा आणि केव्हा पाहावे?

आठवड्यातून एकदा पुरे. ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, फरशीवर ठेवून. गादीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकीचा आकडा दाखवतो. शरीरातले पाणी आणि पोटातले अन्न यांमुळे दोन दिवसांत एक-दीड किलोचा चढउतार सहज होतो; लग्नातल्या खारट जेवणानंतर दुसऱ्या दिवशी वाढलेला किलो हा बहुतेक पाण्याचाच असतो. म्हणून एका आकड्यावर न जाता चार आठवड्यांची सरासरी पाहावी, आणि महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजून त्याच वहीत शेजारी लिहावा. वजन तेच राहून घेर दोन सेंटिमीटरने उतरला असेल, तर आहारात काहीही बदल न करता पुढचा महिना तसाच चालू ठेवावा.